उसनं देताना

फंक्शनला एखादी यादी दिली, म्हणजे नेमकं काय दिलं? मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, तरी हा प्रश्न मला तांत्रिक कमी आणि नैतिक जास्त वाटतो.

‘सी’मध्ये फंक्शनला आकडा दिला की त्याची प्रत जाते. आत काहीही होवो, मूळ आकडा शाबूत. पीडीएफ पाठवण्यासारखं. पायथनमध्ये मात्र तुमचीच यादी आत जाते, गूगल डॉकची लिंक दिल्यासारखी. आत कोणी एक नोंद वाढवली की ती बाहेरही दिसते. बार्बरा लिस्कोव्ह यांनी 1970च्या दशकात ‘क्लू’ ही भाषा घडवताना या पद्धतीला ‘कॉल बाय शेअरिंग’ म्हटलं.

आता खरा प्रश्न. वस्तू हाती आली, म्हणून ती बदलायचा हक्कही मिळाला का? भाषा अडवत नाही, हे खरं. पण झाडांना पाणी घालायला किल्ली दिलेल्या शेजाऱ्याने कपाट लावून ठेवलं, तर ‘मला कुणी अडवलं नव्हतं’ हे उत्तर आपल्याला पुरेल का?

पायथनने इथे एक साधी सभ्यता पाळली आहे. ‘सॉर्टेड’ नवी यादी देतं. ‘सॉर्ट’ मूळ यादीच बदलतं आणि परत काहीच देत नाही. मूळ यादीला हात लागलाय, याची आठवण राहावी म्हणून.

सी प्लस प्लसमध्ये फंक्शन ‘मी बदलू शकतो’ असं जाहीर करतं, पण स्वतःच्या व्याख्येत. बोलावणाऱ्या ओळीत त्याचा मागमूस नसतो. ॲपच्या अटींसारखं: लिहिलेलं असतं, देणाऱ्याला दिसत नाही. 2015 साली पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या ‘रस्ट’मध्ये मात्र मालकाला वस्तू बदलण्यासाठी उसनी द्यायची असेल, तर देतानाच ‘म्यूट’ असं लिहावं लागतं. संमती दोन्हीकडे नोंदवलेली.

‘विश्वास असेल तर एवढा हिशोब कशाला?’ असं कुणी म्हणेल. घरात, मैत्रीत आपण असंच वागतो. पण विश्वास ठेवायला आधी आपण काय दिलंय हे माहीत हवं. बघायला दिलं, बदलायला दिलं की कायमचं दिलं? हे ठाऊक नसताना जे चालतं, तो विश्वास नसतो. आपण फक्त अजून तपासलेलं नसतं. म्हणून मला वाटतं, बदलण्याचा हक्क मागणाऱ्याने तो देणाऱ्याला दिसेल अशा जागी मागावा. कोडमध्ये एक शब्द पुरतो. माणसांत एक प्रश्न.