बाणगंगेचा करारनामा

बाणगंगेच्या काठच्या ओझरला बाहेरचे जग ओळखते ते विमानांच्या कारखान्यामुळे. परंतु पाण्याच्या प्रश्नाशी ज्यांचा थोडाफार संबंध आला आहे त्यांच्या लेखी या गावाचे मोल वेगळेच आहे. दिंडोरी तालुक्यात वाघाडचे धरण झाले, कालवे खोदले गेले, ओझरची जमीन सरकारी दप्तरात लाभक्षेत्र म्हणून दाखल झाली, आणि तरीही उजव्या कालव्याच्या शेपटाशी असलेल्या इथल्या शेतकऱ्याला आवर्तनामागून आवर्तने कोरडी चारी पाहत बसावे लागे. समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांनी या मंडळींना संस्था काढण्यास प्रवृत्त केले, आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी महात्मा फुले, जय योगेश्वर व बाणगंगा अशा तीन पाणी वापर संस्था उभ्या राहून त्यांनी पाटबंधारे खात्याशी रीतसर करारनामा केला.

त्या कराराचे मर्म त्याच्या तपशिलात आहे. पाणी घनमापनाने मोजून संस्थेच्या ताब्यात द्यायचे. त्याचे वाटप आणि पाणीपट्टीची वसुली संस्थेने करायची. आणि हस्तांतरापूर्वी खात्याचे अभियंते व संस्थेचे पदाधिकारी यांनी चारीवरून पायी फिरून, कोठे भराव खचला आहे, कोठे दरवाजा गळतो, कोणी परस्पर चर पाडून पाणी वळवले आहे, हे संयुक्त पाहणीच्या कागदावर उतरवून दोघांनी त्याखाली सह्या करायच्या. ज्या दिवशी या सह्या झाल्या त्या दिवसापासून, चारी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर ‘सरकारची’ असे देऊन मोकळे होण्याची सोय शेतकऱ्याला उरली नाही आणि ‘लोक ऐकत नाहीत’ असे म्हणून हात झटकण्याची सोय खात्यालाही उरली नाही.

मला या साऱ्या व्यवहारात सर्वांत मोलाचा वाटतो तो ओढ्यांचा भाग. संस्थांनी आपल्या क्षेत्रातील नाल्यांवर बंधारे घातले आणि हक्काच्या पाण्यातील काही भाग त्यांत सोडला. ते पाणी जमिनीत मुरले, आसपासच्या विहिरींना पाझर फुटला, आणि आवर्तनाच्या तारखेची वाट पाहत थांबू न शकणाऱ्या द्राक्षबागेला विहिरीचा आधार लाभला. कालव्याचे पाणी ओढ्यात गेले म्हणजे एरवी ते वाया गेले असे समजतात. येथे मात्र ते मोजलेले आणि संस्थेच्या वहीत मांडलेले पाणी होते, म्हणूनच ओढ्याला ते उजळ माथ्याने देता आले. पुढे 2003 साली वाघाडच्या सर्व संस्थांचा प्रकल्पस्तरीय संघ झाला, आणि 2005 साली शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा अधिनियमच महाराष्ट्रात संमत झाला.

गावातल्या बाणगंगेला मात्र असा कोणताही करारनामा नाही. 1883 च्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरात याच नदीवरील ओझरच्या कालव्याची नोंद आहे. चंपाषष्ठीला खंडेरायाच्या यात्रेत बारागाड्या ओढल्या जातात त्या याच नदीच्या गावी. आता ओझरला नगरपरिषद आली आहे, महामार्गाच्या दोहो अंगांनी वस्ती वाढते आहे, आणि वाढत्या गावाचे सांडपाणी अडवले नाही तर ते उताराने नदीकडेच जाणार. स्वच्छतेच्या मोहिमांविषयी मला आदर आहे, तरुणांनी गाळात उतरून काढलेले प्लास्टिक ही खरी सेवा आहे. परंतु मोहीम संपल्यावर गटाराचे तोंड कोणाच्या नावावर राहते, हे जोवर कोठे लिहिलेले नाही तोवर तोच गाळ पुढच्या वर्षी त्याच तरुणांची वाट पाहतो.

जर्मनीतील एम्शर नदीचा दाखला येथे विचारात घेण्याजोगा आहे. कोळशाच्या खाणी आणि कारखाने यांच्या मैल्याने ती नदी उघडे गटार होऊन बसली, तेव्हा 1899 साली काठच्या नगरपालिका व उद्योग यांची एक सहकारी संस्था स्थापन झाली, आणि खर्चाचा वाटा प्रत्येक सभासदावर बसवण्यात आला. त्याच संस्थेने 1992 नंतर नदी पुन्हा मोकळी करण्याचे काम हाती घेतले आणि 2021 अखेर तिच्यातील सांडपाणी पूर्णपणे बंद झाले. वर्गणीदार सभासद आणि लेखी दायित्व असलेली संस्था होती, म्हणून तीन दशकांचे काम मध्येच तुटले नाही.

ओझरला याची नक्कल करण्याची गरज नाही, कारण या मातीत तसलीच रीत रुजलेली आहे. बाणगंगेच्या गावातील पट्ट्यासाठी काठचे रहिवासी, खालच्या अंगाचे शेतकरी, नगरपरिषद, जलसंपदा विभाग आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांचा एक करारनामा व्हावा. प्रत्येक गटाराच्या तोंडाला क्रमांक पडावा आणि त्यापुढे जबाबदाराचे नाव लागावे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा जमिनीवर खांब रोवून दाखवावी आणि तिच्या आत बांधकामाला परवाना मिळू नये. आणि शुद्ध केलेले पाणी मोजूनच नदीत किंवा शेतात सोडावे, ज्याची नोंद खालच्या शेतकऱ्यालाही वाचता येईल. काठाला दगडी भिंत बांधून वर दिवे व बाकडी मांडण्याची तजवीज यानंतर, आणि माझ्या मते नाही केली तरी चालेल. नदीला मुरायला माती हवी.

पहिली संयुक्त पाहणी कार्तिकाच्या अखेरीस, यात्रा भरण्यापूर्वी व्हावी. त्या सुमारास पावसाचे पाणी ओसरलेले असते, आणि पात्रात जे वाहते त्यातले नदीचे किती आणि गटारांचे किती, हे पायी चालणाऱ्याला उघड्या डोळ्यांनी दिसते.