पिंजऱ्याचे दार आणि रिज्क

गेल्या हिवाळ्यातील एका जुम्म्याची गोष्ट. असरची नमाज आटोपून मी मशिदीच्या ओट्यावर आलो, तेव्हा मोहल्ल्यातील एक वयस्क खाला पायरीपाशी उभ्या होत्या. मुलगा आखातात, सून दिवसभर नोकरीवर, नातू शाळेत. घरात बोलायला होता तो एक पक्षी. तोही आदल्या दिवशी गेला होता.

“मौलाना, मी त्याला उपाशी ठेवलं नव्हतं हो,” त्या म्हणाल्या. “सकाळी पाहिलं तेव्हा वाटी भरलेली होती. मांजर बांधून ठेवणाऱ्या बाईची हदीस तुम्ही जुम्म्याच्या बयानात सांगितली होती. मला गुनाह लागेल का?”

मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, “नाही. कृत्यांचा निवाडा हेतूवर होतो. तुमचा हेतू नेक होता.” खालांचा चेहरा निवळला. त्या घरी गेल्या आणि मीही एका दुःखी जिवाला धीर दिल्याच्या समाधानात मग्रिबची तयारी करू लागलो. ते समाधान चार दिवस टिकले.

आमच्या जमाअतीत जनावरांचे एक डॉक्टर आहेत. बोलण्याच्या ओघात मी ही हकीगत त्यांना सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “वाटी कशाने भरलेली होती?” मला प्रश्नच समजला नाही. मग त्यांनी सांगितले की हा पक्षी राळ्याचा किंवा बाजरीचा दाणा सबंध गिळत नाही. चोचीत धरून तो सोलतो, आतला गर खातो आणि फोलपट तिथल्या तिथे वाटीत टाकतो. दोन दिवसांत वाटीवर फोलपटांचा थर जमतो. पाहणाऱ्याला वाटते, वाटी काठोकाठ भरलेली आहे. पक्ष्याने तर काही खाल्लेलेच नाही! म्हणून तो नवे दाणे टाकत नाही. एवढासा जीव, वजन तीस-चाळीस ग्रॅम. एक-दोन दिवस पोटात अन्न गेले नाही तर तो टिकत नाही. भरलेल्या वाटीसमोर उपासमारीने मेलेले पक्षी डॉक्टरांनी पाहिले होते.

खालांचा पक्षी असाच गेला, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण मी दिलेले उत्तर मात्र त्या दिवसापासून मला सलू लागले.

ती हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवली, ती मेली आणि त्या कारणाने ती स्त्री शिक्षेस पात्र ठरली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तिच्या अपराधाचे वर्णन दोन अंगांनी केले आहे. तिने मांजरीला खाऊपिऊ घातले नाही, आणि जमिनीवरचे किडामुंगी खाऊन जगण्यासाठी सोडलेही नाही. आपण बहुधा पहिलेच अंग ऐकतो. खरे मर्म दुसऱ्यात आहे. मोकळ्या मांजरीला खाऊ घालणे ही दया आहे. कोंडलेल्या मांजरीला खाऊ घालणे हे देणे आहे. दार लावणाऱ्याने तिची स्वतःची वाट बंद केली, म्हणून तिच्या पोटाचा भार त्याच्या मानेवर आला.

तिर्मिजीतील एका हदीसचा आशय यासोबत ठेवून पाहावा. अल्लाहवर जसा हवा तसा भरवसा ठेवाल तर पक्ष्यांना मिळते तसे रिज्क तुम्हालाही मिळेल. ते सकाळी रित्या पोटी निघतात आणि संध्याकाळी भरल्या पोटी परततात. तवक्कुलवर बोलताना आम्ही इमाम मंडळी ही हदीस नेहमी सांगतो आणि त्यातील ‘निघतात’ या शब्दावर जोर देतो, कारण घरट्यात बसून राहणाऱ्यासाठी ते वचन नाही. पण ज्या पक्ष्याला निघताच येत नाही, त्याचे काय? पंचगंगेकाठच्या मळ्यांवरून पहाटे कलकलाट करीत जाणारे रानपोपटांचे थवे पाहिले आहेत ना? मक्याच्या कणसावर बसतील, पेरूवर चोच मारतील, कोवळे कोंब खुडतील. दिवसभरात दहा प्रकारचे खाणे, मैलोगणती उड्डाण आणि कशाचे किती खावे याचे जन्मजात भान. पिंजऱ्याचे दार लावताना हे सारे आपण काढून घेतो आणि बदल्यात देतो एक वाटी.

या रानपोपटाबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशातील पोपट पकडणे, विकणे, पाळणे हा गुन्हा आहे. कायदा नसता तरी काय? अबू दाऊदमध्ये सहाबांनी पाखराची दोन पिल्ले उचलल्याची हकीगत आहे. त्यांची आई वर पंख फडफडवीत घिरट्या घालू लागली, तेव्हा प्रेषितांनी पिल्ले परत ठेवावयास लावली. ढोलीतून काढलेले पिल्लू कुणी विकत असेल तर ते घेऊ नये. माझा विषय आहे तो बाजारात ‘लव्हबर्ड’ या चुकीच्या नावाने सर्रास विकला जाणारा, हिरवा, पिवळा, निळा चिमुकला पोपट, म्हणजे बजरीगार. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने 1840 मध्ये तो जिवंत इंग्लंडला नेला आणि तिथून तो जगभरच्या घरांत पोहोचला. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेला हा जीव इथल्या आकाशात परका आहे. काही सज्जन सवाबच्या आशेने असे पक्षी विकत घेऊन उडवून देतात. त्यांना अदबीने विचारावेसे वाटते, हे सोडणे आहे की कावळ्यांच्या आणि मांजरांच्या स्वाधीन करणे? मांजरीच्या हदीसमध्ये त्या स्त्रीपुढे दोन वाटा होत्या. बजरीगार पाळणाऱ्यापुढे एकच उरते. त्यामुळे त्याचे देणे हलके होत नाही, उलट वाढते.

पक्षी पाळणेच मुळात गैर, असे मी म्हणत नाही. हज़रत अनस (र.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याच्याकडे एक लहान पाखरू होते. ते मेले तेव्हा प्रेषितांनी त्या मुलाजवळ बसून लाडाने त्याची विचारपूस केली. एवढ्याशा प्रसंगावर इब्नुल कास या शाफई विद्वानाने स्वतंत्र पुस्तिका लिहून साठ बोध काढले, आणि पाखरू पाळण्याची मुभा विद्वानांनी याच प्रसंगावरून सिद्ध केली. पण मुभा ही देण्यातून सुटका नव्हे. आमच्या हनफी मदरशांत शिकवल्या जाणाऱ्या ‘हिदाया’त पत्नी, मुले यांच्या निर्वाहखर्चाचे प्रकरण जनावरांच्या खर्चापाशी येऊन संपते. तिथे म्हटले आहे की जनावराच्या पोटासाठी काझी मालकावर सक्ती करणार नाही, कारण जनावर दावा लावू शकत नाही. परंतु मालक आणि अल्लाह यांच्यामध्ये ती आज्ञा आहेच. इमाम अबू यूसुफ यांच्या मते तर काझीने सक्तीही करावी. विद्यार्थी असताना हा भाग मी परीक्षेपुरता पाठ केला होता. आता वाचताना अंगावर काटा येतो. ज्याला दावा लावता येत नाही त्याचा खटला थेट वरच्या दरबारात जातो, असाच त्याचा अर्थ नाही का?

आता मूळ प्रश्न. ‘खाऊ घातले’ असे केव्हा म्हणावे?

डॉक्टरांकडून मी जे शिकलो ते असे. नुसते राळे, बाजरी आणि सूर्यफुलाच्या बिया यांवर हा पक्षी जगतो खरा, पण आतून पोखरला जातो. त्यात जीवनसत्त्व अ नसल्यासारखेच, कॅल्शियम तुटपुंजे, आयोडीन अपुरे. आणि सूर्यफुलात तेल भरपूर. उडणे बंद आणि खाणे तेलकट, म्हणून यकृतावर चरबी चढते. नीट सांभाळला तर हा पक्षी आठ-दहा वर्षे काढू शकतो, आपल्याकडे तो तीन-चार वर्षांत गेला की आपण म्हणतो, “एवढंच आयुष्य असतं त्यांचं.” आयुष्य अल्लाहच्या हाती आहे यात शंका नाही, पण स्वतःच्या हयगयीला तकदीर म्हणणे ही वेगळी गोष्ट आहे.

त्याला हवे ते काही महाग नाही. कपिलतीर्थ मंडईत दहा-वीस रुपयांत जे मिळते त्यातला चिमूटभर वाटा पुरतो. मेथीची, कोथिंबिरीची, शेवग्याची पाने, किसलेले गाजर, लाल भोपळ्याचा किंवा उकडलेल्या रताळ्याचा तुकडा, स्वच्छ धुतलेले मोड आलेले मूग, अधूनमधून उकडलेल्या अंड्याचा कण. फळ थोडेच, सफरचंदाच्या बिया काढून. कॅल्शियमसाठी पिंजऱ्याला समुद्रफेस, म्हणजे माकुलाचे हाड, टांगावे. पक्ष्यांसाठी तयार मिळणाऱ्या सकस गोळ्या परवडत असतील तर त्या देऊन धान्य आणखी कमी करावे. धान्य रोज दीड-दोन चहाचे चमचे, त्याहून अधिक नाही. पाणी रोज ताजे. आणि काय देऊ नये? चहात बुडवलेला पाव, दूध, फरसाण, चॉकलेट, कांदा. अ‍ॅव्होकॅडो तर विषच. मिरचीचे मात्र गंमत आहे. पक्ष्यांना मिरचीचा जाळ जाणवतच नाही, त्यामुळे आमच्या कोल्हापुरी मिरचीचा तुकडा तो मिटक्या मारीत खाईल. म्हणून कुणी त्याला रश्श्यात बुडवलेली भाकरी देऊ लागले तर त्यातले मीठ आणि तेल मात्र त्याला भोवेल.

इथे एक अडचण आहे आणि ती निव्वळ आहाराची नाही. धान्यावर वाढलेला पक्षी पाल्याला अन्न म्हणून ओळखतच नाही. सूर्यफुलाची बी पुढे केली की धावून येतो. मेथी पाहिली की मागे सरतो. खाला सांगत होत्या, “तो माझ्या हातातूनच बी घ्यायचा.” त्या क्षणी कोणाचे मन भरत होते? त्याला जे आवडते ते देण्यात आपलाही लाड असतो. त्याला जे हवे ते देण्यात चिकाटी लागते. आठवडेच्या आठवडे पान लटकवायचे, वाळले की काढायचे, पुन्हा नवे लावायचे. आणि चिकाटी म्हणजे सक्तीही नव्हे. उद्यापासून धान्य बंद, भूक लागली की खाईल मुकाट्याने, असे केले तर तो पान न खाता मरेल. हिताच्या नावाखाली केलेला जुलूम हाही जुलूमच. धान्य हळूहळू कमी, पाला हळूहळू अधिक, आणि रोज त्याच्या विष्ठेवर आणि वजनावर नजर, एवढाच मार्ग आहे.

बी.ए.ला मराठी शिकताना ज्ञानेश्वरीतील शुकनलिकेचा दृष्टान्त अभ्यासला होता. नळी फिरते, पोपट उलटा होतो, आपण बांधले गेलो असे समजून नळी आणखी घट्ट धरतो. तेव्हा वाटले होते, तो पोपट म्हणजे संसारी माणूस. आज वाटते, पिंजऱ्याबाहेर उभा राहून “मी तर प्रेमाने वाढवतो” ही नळी घट्ट धरणारा पाळणाराही तोच.

मग हेतूचे काय? माझे उत्तर चूक होते का? हेतूची हदीस अढळ आहे. पण तिच्याच शेजारी अबू दाऊद आणि नसई यांनी दिलेली दुसरी हदीसही आहे. वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करतो तो नुकसानीस जबाबदार आहे. त्याचा हेतू रोग बरा करण्याचाच असतो, तरीही. हज़रत उमर (र.) यांनीही व्यवहाराचे धर्मनियम न जाणणाऱ्याने आमच्या बाजारात विक्री करू नये, असे बजावल्याचे तिर्मिजीत आले आहे. कुणावरही दुकान उघडण्याची सक्ती नव्हती. पण उघडलेत तर शिकणे आले. पक्षी आणण्याचीही सक्ती कुणावर नाही. अज्ञान ही सबब आहे, मीही ती मानतो. परंतु जिथे विचारणे शक्य होते आणि कुणी विचारलेच नाही, तिथे ती सबब विरत जाते. खालांना कुणी सांगितले नव्हते. विकणाऱ्याने नाही, आणि मीही नाही. दोषाचा मोठा वाटा त्यांच्या पदरात टाकायला माझे मन धजावत नाही. पण “काहीच चुकले नाही” असे सांगून मी त्यांच्या डोळ्यांसमोरून ती वाटीही उचलून नेली होती.

त्यांना हे सांगावे की नाही, यावर मी पुष्कळ विचार केला. गेलेला पक्षी परत येणार नव्हता. सांगून केवळ दुःख वाढले असते. मी जवळजवळ गप्पच राहणार होतो. तेवढ्यात मकतबमध्ये त्यांच्या नातवाने आनंदाने सांगितले की दादीने रविवारी दोन नवे पक्षी आणले, एक निळा आणि एक पिवळा.

त्याच संध्याकाळी मी गेलो. खालांनी चहा ठेवला. मी जे ऐकले होते ते, आणि माझे उत्तर घाईचे होते हेही सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठल्या, पिंजऱ्यातील वाटी काढून खिडकीपाशी नेली आणि सुपातले धान्य पाखडताना मारतात तशी हलकी फुंकर तिच्यावर मारली. फोलपटे उडून अंगणात गेली. तळाशी मोजता येतील एवढे दाणे होते. खालांनी ते मोजलेही.