विषाणूची वाट, भीतीची वाट

इबोला हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला तो १९७६ मध्ये, आणि तोही जवळजवळ एकाच वेळी दोन ठिकाणी: आज दक्षिण सुदानमध्ये असलेल्या न्झारा येथे आणि तेव्हाच्या झाईरमधील (आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील) याम्बुकू या गावी. याम्बुकूमध्ये बेल्जियन नन चालवत असलेले एक मिशन रुग्णालय होते. तिथल्या परिचारिकांना दररोज सकाळी पाच सिरिंजा आणि सुया मिळत. दिवसभर येणाऱ्या सगळ्या रुग्णांना त्याच टोचल्या जात आणि मधल्या वेळात फार तर कोमट पाण्यात विसळल्या जात. त्या साथीत ३१८ जणांना लागण झाली आणि त्यांपैकी २८० दगावले. रुग्णालयातील १७ कर्मचाऱ्यांपैकी ११ मरण पावल्यावर ते बंद करावे लागले आणि त्यानंतर साथही ओसरू लागली. त्या भागातील एका नदीचे नाव या विषाणूला मिळाले. रोग जिथून पसरत होता ती जागा उपचारांची होती, ही गोष्ट पहिल्याच साथीत दिसून आली होती. पुढच्या जवळपास प्रत्येक साथीत ती पुन्हा दिसली, तरी लोकांच्या भीतीने मात्र बहुतेक वेळा दुसरीच दिशा धरली.

एखाद्या रोगाची भीती वाटते ती प्रामुख्याने तो किती जणांना मारतो यावरून. साथ किती पसरेल हे मात्र एक रुग्ण सरासरी किती जणांना रोग देतो यावरून ठरते. या दोन मापांचा एकमेकांशी थेट संबंध नाही. गोवराचा एक रुग्ण, आजूबाजूला कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, १२ ते १८ जणांना लागण देऊ शकतो, पण गोवराने मरणाऱ्यांचे प्रमाण त्या मानाने कमी असते. इबोलाच्या वेगवेगळ्या साथींत लागण झालेल्यांपैकी सरासरी निम्मे, काही साथींत तर दहापैकी आठ-नऊ जण दगावले. मात्र पश्चिम आफ्रिकेच्या मोठ्या साथीतही एक रुग्ण सरासरी दीड ते दोन जणांनाच रोग देत होता. सामान्य माणसाच्या मनात ही दोन्ही मापे एकत्र होतात आणि जो रोग इतक्या जणांना मारतो तो तितक्याच सहजपणे पसरतही असणार, असे गृहीत धरले जाते.

हा विषाणू पसरतो तो रुग्णाचे रक्त, उलटी, जुलाब, लघवी, लाळ, वीर्य यांसारख्या स्रावांशी थेट संबंध आल्याने, किंवा त्या स्रावांनी बरबटलेले कपडे, अंथरूण, सुया यांच्यामार्फत. त्वचेवरील जखम आणि डोळे, नाक, तोंड यांचा ओला पडदा या त्याच्या शरीरात शिरण्याच्या वाटा आहेत. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत २ ते २१ दिवस जातात आणि या काळात ती व्यक्ती दुसऱ्याला रोग देत नाही. सुरुवातीला ताप, अंगदुखी, डोकेदुखी आणि गळून जाणे एवढेच दिसते. उलट्या-जुलाब नंतर सुरू होतात. आजार बळावतो तसे रक्तातील विषाणूंचे प्रमाण वाढत जाते आणि मृत्यूच्या सुमारास ते सर्वाधिक असते. त्यामुळे मृतदेहाचा स्पर्शही अतिशय धोकादायक ठरतो. उलट, शरीराबाहेर हा विषाणू फारसा चिवट नाही. साबण, अल्कोहोल आणि क्लोरीनचे पाणी यांनी तो मरतो.

रोग थेट संपर्कातून पसरतो, याचा ठोस पुरावा १९९५ मध्ये झाईरच्या किक्विट शहरातील साथीनंतर मिळाला. संशोधकांनी २७ रुग्णांच्या घरी त्यांच्यासोबत राहणाऱ्या १७३ जणांची माहिती गोळा केली. त्यांपैकी २८ जणांना रोग झाला होता. ज्या ९५ जणांनी रुग्णाला प्रत्यक्ष हात लावला होता, हे सर्व २८ जण त्यांच्यातले होते. उरलेले ७८ जण त्याच घरांत राहत होते, पण त्यांनी रुग्णाला स्पर्श केला नव्हता. त्यांच्यापैकी एकालाही लागण झाली नाही. रोग हवेतून सहज पसरत असता तर एका छपराखाली राहणाऱ्यांत इतकी स्पष्ट रेघ उमटली नसती.

तरीही ‘हा हवेतून पसरतो’ ही भीती अगदीच हवेतून आलेली नव्हती. १९८९ मध्ये अमेरिकेच्या राजधानीजवळील रेस्टन येथे फिलिपीन्सहून आणलेल्या माकडांत इबोलाचाच एक प्रकार आढळला. एकमेकांना शिवू न शकणाऱ्या माकडांतही तो पसरल्यासारखा दिसला. काही कर्मचाऱ्यांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडे सापडली, पण आजारी कोणीच पडले नाही. या घटनेवर रिचर्ड प्रेस्टन यांचे ‘द हॉट झोन’ हे पुस्तक १९९४ मध्ये आले. पुढच्याच वर्षी ‘आउटब्रेक’ या चित्रपटाने अशाच एका काल्पनिक विषाणूला हवेतून पसरवले. नखशिखांत पोशाखातील आरोग्य कर्मचाऱ्यांची छायाचित्रे पाहून तर रोग श्वासातूनच येत असणार असा अनेकांचा समज झाला. प्रत्यक्षात तो पोशाख अंगावर उडणाऱ्या उलटीपासून आणि रक्तापासून बचाव करण्यासाठी असतो. रुग्णाच्या अगदी जवळ असताना उडालेला थेंब डोळ्यात जाणे वेगळे आणि विषाणूने खोलीभर तरंगत राहणे वेगळे. पहिली गोष्ट इबोलात घडते. दुसऱ्या प्रकारे माणसांत साथ पसरल्याचे कुठे दिसलेले नाही.

पश्चिम आफ्रिकेतील साथीची सुरुवात डिसेंबर २०१३ मध्ये गिनीतील मेलियांडू या खेड्यात, एका दोन वर्षांच्या मुलापासून झाली असे मानले जाते. त्याला बहुधा वटवाघळांपासून लागण झाली असावी. रोगाची ओळख पटायला मार्च २०१४ उजाडला. तोवर तो शेजारच्या लायबेरिया आणि सिएरा लिओनच्या सीमांशी जाऊन भिडला होता. जागतिक आरोग्य संघटनेने ८ ऑगस्ट २०१४ रोजी आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. साथ संपेपर्यंत २८,६०० हून अधिक जणांना लागण झाली आणि ११,३०० हून अधिक मृत्यूंची नोंद झाली.

या काळात साथीपासून दूर असलेल्या देशांतील भीती विमाने, परके लोक आणि सार्वजनिक जागा यांच्याभोवती फिरत राहिली. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाने साथग्रस्त देशांतील लोकांना व्हिसा देणे थांबवले. साथीच्या भीतीने आफ्रिकन फुटबॉल स्पर्धा पुढे ढकलण्याचा आग्रह मोरोक्कोने धरला आणि तो मान्य न झाल्याने यजमानपद गमावले. अमेरिकेत मिसिसिपीतील एका शाळेचे मुख्याध्यापक झांबियाला जाऊन आले म्हणून पालकांनी मुलांना शाळेतून घरी नेले. झांबिया साथीच्या प्रदेशापासून हजारो किलोमीटर दूर आहे आणि तिथे इबोलाचा एकही रुग्ण नव्हता, पण दोन्ही ठिकाणे ‘आफ्रिका’ या एका नावात सामावत असल्याने पालकांना तो फरक दिसला नाही.

त्याच अमेरिकेत रोगाची खरी वाट डॅलस शहराने दाखवून दिली. लायबेरियाहून आलेला एक प्रवासी २५ सप्टेंबर २०१४ रोजी ताप घेऊन रुग्णालयात गेला. त्याला औषधे देऊन घरी पाठवण्यात आले. तीन दिवसांनी त्याला गंभीर अवस्थेत दाखल करावे लागले आणि ८ ऑक्टोबरला त्याचा मृत्यू झाला. मधले दिवस तो ज्या घरात आजारी होता तिथल्या एकालाही लागण झाली नाही. लागण झाली ती शेवटच्या, सर्वांत धोक्याच्या दिवसांत त्याची शुश्रूषा करणाऱ्या दोन परिचारिकांना. दोघी बऱ्या झाल्या. त्यांपैकी एकीने अंगात कसर असताना विमानप्रवास केला होता आणि त्यावरून देशभर खळबळ उडाली, पण सहप्रवाशांपैकी कोणीही आजारी पडले नाही. त्या साथीत अमेरिकेच्या भूमीवर लागण झालेल्या व्यक्ती या दोघीच.

दाट वस्तीच्या शहरात इबोला शिरला तर काय होईल, या प्रश्नाचे उत्तर नायजेरियातील लेगॉसने दिले. जुलै २०१४ मध्ये लायबेरियाहून आलेला एक आजारी अधिकारी विमानतळावरच कोसळला. त्याला सोडून देण्यासाठी दबाव येत असताना डॉ. अमेयो स्टेला अडाडेव्हो यांनी त्याला रुग्णालयाबाहेर जाऊ दिले नाही. पुढे त्यांना स्वतःला लागण झाली आणि १९ ऑगस्टला त्यांचा मृत्यू झाला. नायजेरियाने संपर्कात आलेल्या ८९४ जणांची यादी केली आणि त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवण्यासाठी सुमारे १८,५०० वेळा प्रत्यक्ष भेटी दिल्या. एकूण २० जणांना लागण झाली, ८ दगावले आणि २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर झाला. साथ आटोक्यात आली ती याद्या, पायपीट आणि थर्मामीटर यांच्या बळावर. लक्षणांआधी माणूस रोग देत नाही, या एका वस्तुस्थितीमुळेच हे शक्य झाले. त्याच सुमारास मिठाचे पाणी प्यायल्याने इबोला होत नाही अशी अफवा त्या देशात पसरली आणि मीठ पोटात गेल्याने काही जण रुग्णालयात पोहोचले, काहींचा जीवही गेला.

साथीच्या प्रदेशातील भीतीचे रूप वेगळे होते. तिथे लोक रोगाला भीत होते तसेच रोगावर उपाय करायला आलेल्यांनाही. ‘इबोला मारतो, त्यावर इलाज नाही’ असे सुरुवातीचे फलक सांगत. इलाजच नसेल तर आपल्या माणसाला उपचारकेंद्राच्या अनोळखी तंबूत कशाला पाठवायचे, असा विचार लोकांनी केला, आणि तो त्यांच्या दृष्टीने बिनतोड होता. त्या तंबूत गेलेले अनेक जण परतत नसत आणि त्यांचे दफन कुठे झाले हेही कळत नसे. रानातील प्राण्यांचे मांस खाऊ नका या सूचनेवर सुरुवातीला मोठा भर होता. मात्र पहिल्या लागणीनंतर रोग माणसाकडून माणसाकडेच जात होता, त्यामुळे ती सूचना बहुतेकांच्या खऱ्या धोक्याला शिवतही नव्हती. १६ सप्टेंबर २०१४ रोजी गिनीतील वोमे गावी जनजागृतीसाठी गेलेल्या पथकातील आठ जणांची हत्या झाली. लायबेरियाची राजधानी मन्रोव्हिया येथील वेस्ट पॉइंट या गजबजलेल्या झोपडवस्तीत लोकांनी रुग्णांचे केंद्र लुटले. त्यावर सरकारने संपूर्ण वस्तीला वेढा घातला. गोळीबारात जखमी झालेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला आणि दहा दिवसांतच वेढा उठवावा लागला.

खरा पेच अंत्यसंस्काराचा होता. मृताला नातेवाइकांनी आंघोळ घालणे, कुरवाळणे, निरोप देणे हे या समाजांत कर्तव्य मानले जाते. गिनीतील ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या रुग्णांपैकी ६० टक्के अशा पारंपरिक अंत्यविधींशी जोडलेले आढळले. लायबेरिया सरकारने मन्रोव्हियात दहनाचा आदेश काढला आणि शहराबाहेर भारतीय हिंदूंनी बांधलेले स्मशान त्यासाठी वापरले गेले. दफनाची परंपरा असलेल्या समाजाला हा आदेश सहन होण्यासारखा नव्हता. कुटुंबे मृत्यू लपवू लागली, गुपचूप दफने होऊ लागली. म्हणजे जो उपाय विषाणूच्या दृष्टीने पक्का होता त्यानेच विषाणूला आडवाट मोकळी करून दिली.

बदल झाला तो ‘शिवू नका’च्या जोडीला ‘त्याऐवजी हे करा’ असे सांगितले जाऊ लागल्यावर. नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धार्मिक संस्थांच्या मदतीने सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाची पद्धत ठरवली. मृताला आंघोळ घालण्याऐवजी मुस्लिमांसाठी पाण्याविना केली जाणारी कोरडी वजू, मृतदेहाच्या पिशवीवर पांढरे कफन, कुटुंबाच्या उपस्थितीत प्रार्थना आणि नावानिशी कबर या गोष्टींना तिने जागा दिली. लोकांनी स्वतःही वाटा शोधल्या. लायबेरियात नर्सिंग शिकणाऱ्या एका तरुणीने रुग्णालयात जागा नाही म्हणून चार आजारी नातलगांची घरीच शुश्रूषा केली. पायात कचऱ्याच्या पिशव्या, त्यावर बूट, अंगात रेनकोट, हातात मोजे, असा तिचा पोशाख असे. चारपैकी तिघे वाचले आणि तिला लागण झाली नाही. सिएरा लिओनमध्ये दीर्घकाळ काम केलेले मानववंशशास्त्रज्ञ पॉल रिचर्ड्स यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात असे मांडले की, साथ आटोक्यात येण्यात गावकऱ्यांच्या स्वतःच्या निरीक्षणाचा आणि शिकण्याचा वाटा मोठा होता.

रोगाबद्दलच्या वस्तुस्थितीलाही बारकावे असतात. बरे झालेल्यांच्या रक्तातून विषाणू नाहीसा झाला तरी वीर्यात तो कित्येक महिने, क्वचित वर्षाहून अधिक काळ टिकतो, हे या साथीतच नीट कळले. नोव्हेंबर २०१४ मध्ये लायबेरियाहून बरा होऊन आलेल्या एका भारतीय तरुणाच्या बाबतीत दिल्ली विमानतळावर हेच दिसले. त्याचे रक्त निर्दोष होते, वीर्यात विषाणूचा अंश होता, आणि तो नाहीसा होईपर्यंत त्याला वेगळे ठेवण्याचा निर्णय झाला. त्याच्याशेजारी बसल्याने किंवा त्याच्याशी बोलल्याने कोणालाही धोका नव्हता, धोका होता तो फक्त शरीरसंबंधातून. २०२१ मध्ये गिनीत पुन्हा साथ आली तेव्हा तिच्या विषाणूची जनुकीय ठेवण २०१४ च्या विषाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळली. म्हणजे तो प्राण्यांकडून नव्याने न येता कोणा बऱ्या झालेल्या माणसाच्या शरीरात सुमारे पाच वर्षे सुप्त राहिला असावा. ही माहिती खरी आहे, पण तिच्यामुळे बरे झालेल्या हजारो लोकांवर संशयाची छाया पडते. म्हणून ‘हे क्वचितच घडते आणि अमुक मार्गानेच घडते’ हा तिचा दुसरा अर्धा भाग वगळून ती सांगितली तर ते अर्धसत्य ठरते.

लस आली तरी विश्वासाचा प्रश्न सुटला नाही. २०१५ मध्ये गिनीत रुग्णाच्या संपर्कातील लोकांना कडे करून लस देण्याचा प्रयोग यशस्वी झाला. त्यानंतर काँगोच्या पूर्व भागात २०१८ ते २०२० या काळात आलेल्या साथीत लस उपलब्ध होती, परिणामकारक औषधेही हाती येत होती. तरीही तिथे ३,४०० हून अधिक जणांना लागण झाली आणि सुमारे २,३०० दगावले. अनेक वर्षांच्या यादवीने पोळलेल्या या भागातील बेनी आणि बुटेम्बो शहरांत २०१८ मध्ये झालेल्या पाहणीत चारपैकी एकाने इबोला अस्तित्वातच नाही असे सांगितले. ज्यांचा शासनयंत्रणेवर विश्वास कमी होता ते लस घेण्यासही कमी राजी होते. याउलट २०२१ मधील गिनीची साथ २३ रुग्ण आणि १२ मृत्यूंवर थांबली. रोग ओळखीचा होता, लस लवकर पोहोचली आणि संपर्कातील लोकांचा शोध वेळेत सुरू झाला.

विषाणू कसा पसरतो याची माहिती भीतीला दोन बाजूंनी आळा घालते. दूरच्या माणसाला ती सांगते की शेजारून गेलेल्या प्रवाशाला घाबरण्याचे कारण नाही. जवळच्या माणसाला ती सांगते की धोका आपल्याच माणसाच्या उशाशी आहे. पहिले सांगणे सोपे, कारण त्यासाठी कोणाला काही सोडावे लागत नाही. दुसरे अवघड, कारण त्यात आईने मुलाला न उचलण्याची आणि मुलाने बापाच्या अंगाला अखेरचा हात न लावण्याची अपेक्षा असते. अशी अपेक्षा करणाऱ्याने रुग्णाच्या सेवेची आणि निरोपाची सुरक्षित रीतही सोबत द्यावी लागते. ती न देता सांगितलेली वस्तुस्थिती लोकांना कळते, पण पाळता येत नाही.