डागाचा देखावा

बिझेन या जपानी कुंभारकामाचा पेला पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला वाटते, हा विसळायचा राहिलाय. तपकिरी, खरबरीत अंग. ना झिलई, ना नक्षी. एका बाजूला मात्र तीळ सांडल्यासारखे पिवळसर ठिपके. जपानीत त्यांना ‘गोमा’, म्हणजे तीळच म्हणतात. ओकायामा प्रांतातल्या इम्बे गावी या भांड्यांच्या भट्टीत पाइनची लाकडे आठवडा-दोन आठवडे रात्रंदिवस जळतात, उष्णता १२०० अंशांवर जाते. उडालेली राख भांड्यावर बसते आणि तिथेच वितळून तिची काच होते. दुसऱ्या एखाद्या पेल्यावर तांबडे फराटे असतात, त्यांना म्हणतात ‘हिदासुकी’. रचलेली भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून कुंभार मध्ये भाताचा पेंढा घालत. पेंढा जळून जाई. त्यातल्या क्षाराने मातीतल्या लोहावर उठवलेले वळ तेवढे राहत.

या वळांना माणसे सुंदर कधीपासून म्हणू लागली?

बिझेन आणि शिगाराकी या दुसऱ्या कुंभारगावचे कुंभार घडवत ते रांजण, बरण्या, वाटणाची भांडी. सगळा रोजच्या राबत्याचा माल. पंधराव्या शतकात बड्या लोकांच्या चहाबैठकीत मान होता चिनी भांड्यांना. चहागुरू मुराता जुको (१४२३–१५०२) याने शिष्याला लिहिलेल्या पत्रात चिनी आणि जपानी यांतली सीमा पुसावी असे सांगितले. गंमत पुढे आहे. कालपरवा चहा शिकलेले लोक बिझेन-शिगाराकीची भांडी बाळगून मुरलेपणाचा आव आणतात, याची त्याच पत्रात त्याला चीड आहे. साधेपणाला किंमत येते न येते तोच तो मिरवणारेही हजर!

पुढे चहागुरू सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) याने हा साधेपणा चहाच्या केंद्रस्थानी आणला. त्याचा शिष्य फुरुता ओरिबे आणखी पुढे गेला. इगा भागातल्या भट्टीत एक पाण्याचे भांडे आचेने बसले, पोट लोंबले, खाली मोठी भेग पडली. एरवी ते उकिरड्यावर गेले असते. ओरिबेने मात्र पत्रात लिहिले की असे भांडे पुन्हा मिळणार नाही. ‘याबुरेबुकुरो’, फाटकी पिशवी, या नावाने ते आज टोकियोच्या गोतो संग्रहालयात आहे. भट्टीत भांड्यावर उठलेल्या राखेच्या ओघळांना आणि डागांना चहावाल्यांनी शब्द दिला ‘केशिकी’, म्हणजे देखावा.

१९३१ साली लोककलेचे अभ्यासक यानागी सोएत्सू यांनी क्योतोच्या दाइतोकुजी मंदिरसमूहात ‘किझाएमोन’ हा कोरियन वाडगा पाहिला. त्यांचे म्हणणे असे: गरिबाचा हा वाडगा घडवणाऱ्याच्या मनात सौंदर्याचा विचारच नव्हता, म्हणून तो सुंदर, चहासाठी मुद्दाम ओबडधोबड केलेल्या राकू वाडग्यांत ते सौंदर्य नाही. मला हे अर्धेच पटते. कोरियन कुंभाराच्या मनात काय होते हे त्याला कुणी विचारले नव्हते. त्याच्या वतीने यानागीच बोलले. शिवाय लाकडाच्या भट्टीपुढे हेतूचे फारसे चालत नाही. पेला कुठे ठेवायचा ते कुंभार ठरवतो. राख कुठे बसायची ते ज्वाळा ठरवते.

इम्बेत आजही भांड्यांना पेंढा लावतात. चिकटू नयेत म्हणून नव्हे, वळ उठावेत म्हणून.