नेम आणि चेहरा

रामाने वालीस आडून बाण मारला आणि मरता मरता वालीने त्यास जाब विचारला, ही कथा आपल्यांपैकी बहुतेकांनी लहानपणीच ऐकलेली असते. रामाची उत्तरे कोणास पटतात, कोणास पटत नाहीत. वालीचा प्रश्न मात्र कोणी विसरत नाही. लपून नेम धरणाऱ्याविषयी मनुष्याच्या मनात असलेली अढी इतकी जुनी आहे. ती कितपत न्याय्य आहे?

अठराव्या शतकातील युरोपीय पलटणींत सामान्य शिपायाने नेम धरावा अशी अपेक्षाच नसे. गुळगुळीत नळीच्या बंदुकीची गोळी शंभर यार्डांपलीकडे कोठे जाईल याचा भरवसा नव्हता. रांगेने एकदम बार काढावा. समोर कोण पडेल तो पडेल. कोणाची गोळी कोणास लागली हे कळत नसल्याने पापाचाही हिशेब लागत नसे. रायफलने ही सोय मोडली. नळीच्या आत मळसूत्री आटे पाडले की गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते, हे शिकाऱ्यांस ठाऊक होते. अडचण होती ती घट्ट गोळी तोंडाकडून ठासण्याची. १८४९ मध्ये फ्रान्सच्या मिनिये याने बुडाशी पोकळ गोळी काढली. ती सैल आत उतरे आणि बार होताच फुगून आट्यांत बसे. याच जातीची १८५३ ची एन्फील्ड हिंदुस्थानात आली, आणि तिच्या काडतुसांवरील चरबीच्या वार्तेने १८५७ साली काय पेटले ते वाचकांस सांगावयास नको.

पण आम्हांस अधिक विचारात पाडतो तो पॅट्रिक फर्ग्युसन. मागून भरण्याच्या रायफलचे पेटंट त्याने १७७६ मध्ये घेतले होते, आणि त्याच्याइतका नेमबाज इंग्रज फौजेत क्वचितच असेल. ११ सप्टेंबर १७७७ रोजी अमेरिकेत ब्रँडीवाइन येथे शत्रूचा एक घोडेस्वार अधिकारी त्याच्या टप्प्यात आला आणि शांतपणे पाठ फिरवून चालता झाला. फर्ग्युसनने चाप ओढला नाही. निरुपद्रवी मनुष्याच्या पाठीत गोळी घालणे त्यास रुचले नाही. पुढे त्याच्या कानावर आले की तो स्वार जॉर्ज वॉशिंग्टन होता. ते खरे की खोटे याचा निकाल लागलेला नाही. परंतु तो कोण हे त्या वेळी ठाऊक नव्हते याचे आपणांस दुःख नाही, असे फर्ग्युसनने लिहून ठेवले आहे.

पहिल्या महायुद्धात रॉबर्ट ग्रेव्ह्जच्या दुर्बिणीत एक जर्मन शिपाई स्नान करताना दिसला. उघड्या माणसास मारणे त्यास जड गेले, म्हणून त्याने रायफल शेजारच्या सार्जंटच्या हाती दिली! सार्जंटने काम उरकले. स्पेनच्या यादवीत जॉर्ज ऑर्वेलने सुटणारी विजार सावरीत पळणाऱ्या शत्रूस सोडून दिले. आपला नेम कच्चा होता हेही तो कबूल करतो. हा प्रामाणिकपणा आम्हांस फार आवडतो.

हे उतारे वर्गात वाचीत असता एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, त्या सोडलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी ऑर्वेलचा सोबती मारला असता, तर?” प्रश्न बिनतोड होता. दया करणारा आपल्या सोबत्याच्या जिवावर उदार होतो, हे नाकारता येत नाही. उलट, मैलोगणती दूर तोफगोळा टाकणाऱ्यास आम्ही दोष देत नाही, कारण त्यास चेहरा दिसत नाही. मग आमची अढी मारण्याविषयी आहे की पाहण्याविषयी? पाहून मारणारा निदान काय करतो ते जाणतो, आणि पाहूनच कधी थांबतो. तोफेस ती संधीच नाही. १९३९-४० च्या हिवाळ्यात रशियनांशी लढताना पाचशेंहून अधिक शिपाई टिपणारा फिनलंडचा सिमो हायहा पुढे एवढेच म्हणे की, सांगितलेले काम आपण जमेल तितके चांगले केले. त्यास क्रूर म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही. ग्रेव्ह्जने मात्र आपले हात कोरडे ठेवून सार्जंटचे भिजविले, हे आम्हांस खटकते.

तो विद्यार्थी पुढे सैन्यात अधिकारी झाला. गेल्या दिवाळीस घरी आला तेव्हा सीमेवरचे आम्ही काही विचारले नाही. चहा घेता घेता त्यानेच विचारले, “सर, तो विजारीचा धडा अजून शिकवता ना?”