वाटेची किल्ली

आमच्या कॉलनीच्या मागच्या भिंतीला एक भगदाड होतं. मी शाळेत असल्यापासून ते तसंच होतं. एक माणूस तिरका होऊन जाईल एवढंच. पलीकडे पडीक प्लॉट, त्यातून बाभळीला वळसा घालून जाणारी पायवाट, आणि चार मिनिटांवर वस्ती. गेल्या वर्षी पावसाळ्याआधी कॉलनीच्या मीटिंगमध्ये ते बुजवायचं ठरलं. हात वर करून मत द्यायचं होतं. मीही हात वर केला.

तुम्ही नगरचे नसाल तर सांगतो. (नाव आता अहिल्यानगर झालंय, पण एसटीत अजून 'एक नगर द्या' असंच तिकीट मागितलं जातं.) आम्ही राहतो ते सावेडी हे शहराचं उपनगर. पाइपलाइन रोडच्या आतल्या बाजूला आमची कॉलनी. इथं लोक चालतात, हे सावेडीचं मला सगळ्यात आवडणारं. पहाटे साडेपाचला साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या काकू, कानटोपीतले रिटायर्ड मास्तर, संध्याकाळी गुलमोहर रोडला बाबागाडी ढकलणारी नवीन जोडपी. मी पुण्याची नोकरी घरून करतो, त्यामुळे दिवसात दोनदा तरी बाहेर पडल्याशिवाय डोकं चालत नाही. चालणं म्हणजे माझ्यासाठी मोकळीक. काही जणांसाठी ते नुसतं कामावर पोहोचणं असतं, हे मला कळत होतं, पण जाणवत नव्हतं.

भगदाड बुजवायचं कारण साधं होतं. शेजारच्या गल्लीत एका आजींचं मंगळसूत्र हिसकावून दोघं पळाले. मोटरसायकलवर होते. मोटरसायकल त्या भगदाडातून जात नाही, हे मीटिंगमध्ये कोणी बोललं नाही. मीही नाही. सगळे घाबरलेले होते आणि घाबरलेल्या माणसांना काहीतरी केल्याचं समाधान हवं असतं. दोन दिवसांत गवंडी आला, विटा लागल्या, वरती काचा.

तिसऱ्या दिवशी मावशी उशिरा आल्या. आमच्यासकट कॉलनीतल्या पाच घरची धुणीभांडी त्या करतात. 'वळसा पडला,' एवढंच म्हणाल्या आणि ओट्याकडे गेल्या. दोनेक आठवड्यांनी एका रविवारी मी तो वळसा स्वतः चालून पाहिला. तेवीस मिनिटं लागली. त्यातला अर्धा रस्ता मनमाड रोडच्या कडेनं. डंपर, उसाच्या ट्रॉल्या, आणि पाय ठेवायला डांबराची तुटकी कड. दोन पोरी दप्तर घेऊन समोरून आल्या, रविवारच्या क्लासला निघालेल्या. त्याही पूर्वी भगदाडातूनच जायच्या, आमच्या खिडकीखालून हसत. त्यांची नावं मला कधीच माहीत नव्हती.

मग मी जे आजकाल सगळेच करतात ते केलं, म्हणजे रात्री मोबाइलवर कायदा वाचत बसलो. आपल्याकडे १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा आहे. त्याचं कलम १५ म्हणतं, एखादी वाट वीस वर्षं शांतपणे, उघडपणे, हक्कानं आणि खंड न पडता वापरली, तर तिच्यावर हक्क तयार होतो. हीच आपली 'वहिवाट'. वाचून बरं वाटलं, पण पुढे गोम आहे. हा हक्क जमिनीला चिकटलेला असतो. कलम ४ प्रमाणे तो एखाद्या जमिनीच्या मालकाला किंवा ताबेदाराला, त्या जमिनीच्या उपभोगासाठी मिळतो. म्हणजे वीस वर्षं चाललेल्या पायांचा विचार त्यांच्या मागे जमीन किती, कुठली, या हिशोबानं होतो. गावाकडेही तेच. आजोबांच्या गावी 'वाट अडवली' म्हणजे पिढ्यांचं वैर. तिथं शेतरस्त्यासाठी तहसीलदाराकडे जाता येतं, १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली. पण तेही शेत असलेल्यांना. शेतमजूर त्या वाटेनं रोज जातो, त्याचं नाव अर्जात नसतं.

इंग्लंडमध्ये हिशोब थोडा उलटा आहे. तिथं १९८० च्या हायवेज ॲक्टनुसार लोकांनी वीस वर्षं बिनअडथळा, हक्कानं वापरलेली वाट सार्वजनिक मानली जाते, मालकाचा तसा इरादा नव्हता असं सिद्ध होत नसेल तर. म्हणून काही मालक वर्षातून एकच दिवस वाट बंद ठेवतात, हक्क तयार होऊ नये म्हणून. मला हे वाचून हसू आलं आणि मग आलं नाही. निदान त्या मालकांना चालणाऱ्यांची भीती तरी वाटते. आम्हाला मीटिंगमध्ये त्यांची आठवणही झाली नव्हती.

इथं मला त्या आजींवर अन्याय करायचा नाही. त्या अजून एकट्या बाहेर पडत नाहीत. भिंत झाल्यावर त्यांना झोप लागायला लागली, हे त्यांच्या सुनेनं सांगितलं. ती झोप खरी आहे. मंगळसूत्राची चोरी भिंतीनं थांबणार नाही, हे समजावून सांगितल्यानं ती भीती जाणार नाही. पण आमच्या झोपेची किंमत रोज कोणीतरी पायांनी भरत होतं, आणि ज्यांना ती भरायची होती त्यांना हात वर करायला बोलावलंच नव्हतं. मत कायदेशीर होतं, बहुमतही होतं. मीटिंगला बसलेल्यांपैकी एकानंही ती वाट कामासाठी वापरली नव्हती.

आमच्यापासून चालत जाण्यासारखा भिस्तबाग महाल आहे, निजामशाहीच्या काळातला. बिहिश्त म्हणजे फारसीत स्वर्ग. स्वर्गाला इंग्रजीत 'पॅराडाइज' म्हणतात, तो शब्दही मूळ इराणी. त्याचा जुना अर्थ निव्वळ 'भिंतीनं वेढलेली जागा'. फॅमिलीसाठी शांत, सुरक्षित एरिया अशी जाहिरात वाचली की मला हल्ली हा शब्द आठवतो.

पुढच्या मीटिंगला मी विषय काढला. मोटरसायकलचं शेवटी बोललो. बरीच वादावादी झाली. 'तुमच्या मावशीसाठी एवढं?' असंही कोणी म्हणालं. शेवटी तोडगा निघाला की तिथं लोखंडी फाटक बसवायचं, सकाळी सहाला उघडायचं, रात्री आठला लावायचं. किल्ली कोणाकडे? ज्यानं विषय काढला त्याच्याकडे.

पहिल्या दिवशी फाटक उघडून उभा होतो, तर मावशी आल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, 'लई उपकार झाले दादा.' मला काय बोलावं सुचेना. वीस वर्षं त्या तिथून जात होत्या, कोणाचे आभार न मानता. आता रोज सकाळी त्या माझ्याकडे बघून मान हलवतात. ते मला अजून सहन होत नाही. मीटिंगमध्ये मी सुचवलंही, की किल्ली एक त्यांच्याकडेही राहू दे. सगळे हसले, म्हणजे चांगल्या अर्थानं हसले.

मागच्या गुरुवारी रात्रीचा कॉल लांबला आणि मी साडेसातला उठलो. धावत गेलो तर फाटकापाशी कोणी नव्हतं. मावशी घरी आल्या तेव्हा चपलांना मनमाड रोडची पांढरी धूळ होती. मी माफी मागितली. 'असूद्या दादा, झोप लागली असंल,' म्हणाल्या आणि माझ्यासाठी चहा ठेवला.

दुपारी मी चौकातल्या किल्लीवाल्याकडून आणखी एक किल्ली करून आणली. मीटिंगला अजून सांगितलेलं नाही.