दान की देणे?



एका रविवारी मिस्सामध्ये श्रद्धावंतांच्या प्रार्थनेच्या वेळी आपण रोहिंग्या निर्वासितांसाठी प्रार्थना केली. मिस्सा संपल्यावर एक वडीलधारे गृहस्थ मला भेटायला आले. म्हणाले, "फादर, प्रार्थनेचं ठीक आहे. पण त्यांच्यासाठी झोळी फिरवायची म्हणता, ते मला पटत नाही. आपल्या जव्हार-मोखाड्यात पोरं कुपोषित आहेत. ही माणसं कुठली, त्यांचा धर्म कुठला? आणि किती वर्षं खाऊ घालायचं?"

मी घाईत होतो. "काका, दया करावी, देव आपल्याला कमी पडू देत नाही," एवढे बोलून मी वेळ मारून नेली. ते गप्प झाले, पण त्यांचे समाधान झाले नव्हते. खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता आणि माझे उत्तर अपुरे होते. आज ते नीट द्यावे म्हणून हे लिहीत आहे.

आधी हकीकत पाहू. २५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या राखाइन प्रांतात लष्कराने रोहिंग्यांच्या वस्त्यांवर कारवाई केली. गावेच्या गावे जाळली गेली. काही महिन्यांत सात लाखांहून अधिक माणसे बांगलादेशात आली. कोणी डोंगर ओलांडून, कोणी नाफ नदीतून होडीने, कोणी चिखलातून म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन. मोठ्या संस्था पोहोचण्याआधी उखिया आणि टेकनाफच्या गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरातला भात वाढला. हे गावकरी स्वतः काही श्रीमंत नव्हेत. मग जागतिक अन्न कार्यक्रमाची बिस्किटे आली. तांदूळ, डाळ आणि तेल आले. कारितास बांगलादेश ही आपल्या ख्रिस्तसभेची संस्थाही मदतीला उभी राहिली. पुढे प्रत्येक कुटुंबाला कार्ड मिळाले. त्यावर महिन्याला ठरावीक रक्कम जमा होते आणि छावणीतल्या दुकानांतून त्या रकमेचे अन्न घेता येते.

ही रक्कम माणशी महिना १२ डॉलर होती. २०२३ च्या मार्चमध्ये ती १० डॉलर झाली आणि जूनमध्ये ८ डॉलर. त्या वेळच्या भावाने महिन्याला साधारण साडेसहाशे रुपये, म्हणजे दिवसाला बावीस रुपयांच्या आसपास. कारण एवढेच की, देणाऱ्या देशांकडून पुरेसा निधी आला नाही. जगाचे लक्ष दुसरीकडे गेले होते. त्या वर्षाच्या अखेरीस छावणीतल्या लहान मुलांमधील तीव्र कुपोषण १५ टक्क्यांच्या वर गेले. २०१७ नंतरचा हा सर्वांत मोठा आकडा होता. २०२४ मध्ये रक्कम टप्प्याटप्प्याने पुन्हा वाढवली गेली. २०२५ च्या मार्चमध्ये ती ६ डॉलरवर येणार असे जाहीर झाले आणि ऐनवेळी निधी मिळाल्याने ते संकट टळले.

बंधुभगिनींनो, इथेच माझ्या त्या घाईच्या उत्तरातली चूक मला दिसली. हे अन्न म्हणजे आपली दया असेल, तर रक्कम कमी करणाऱ्याने काहीच चुकीचे केले नाही. काल मन द्रवले म्हणून दिले, आज द्रवले नाही म्हणून दिले नाही. घेणाऱ्याने कालच्याबद्दल आभार मानावेत आणि गप्प बसावे. दयेचा हिशेब कोण मागणार? पण आपली दया आटली म्हणून त्या आईच्या मुलाची भूक आटत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण याहून कडक आहे. चौथ्या शतकातले संत बेसिल श्रीमंतांना सांगत की, तुमच्या कोठारात पडून राहिलेली भाकर भुकेल्याची आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तर असे मांडले की, जीव जाण्याची पाळी आली असताना दुसरा मार्ग नसलेल्या माणसाने दुसऱ्याच्या मालमत्तेतून जगण्यापुरते घेतले, तर ती चोरी होत नाही. कारण अशा वेळी देवाने निर्माण केलेल्या वस्तू सर्वांच्या असतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये हाच विचार पुन्हा जगापुढे ठेवला. म्हणजे भुकेल्याला अन्न देताना आपण आपले काही देत नसतो, त्याचे त्याला परत करत असतो. आपल्या भाषेत बोलायचे तर ते दान नव्हे, ते देणे आहे.

१ डिसेंबर २०१७ रोजी पोप फ्रान्सिस ढाक्याला सोळा रोहिंग्यांना भेटले. एकेकाचे म्हणणे त्यांनी ऐकून घेतले. देवाच्या अस्तित्वाला आज रोहिंग्या हेही नाव आहे, अशा आशयाचे शब्द त्यांनी उच्चारले. त्याआधी म्यानमारमध्ये असताना तिथल्या ख्रिस्तसभेच्या सल्ल्यावरून त्यांनी हे नाव जाहीरपणे घेतले नव्हते. पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. छळ करणाऱ्यांच्या वतीने आणि जगाच्या बेपर्वाईबद्दल पोप महोदयांनी त्या माणसांची क्षमा मागितली. दान देणारा कधी क्षमा मागतो का? क्षमा मागतो तो देणेकरी.

आता काकांचे प्रश्न. जवळच्याचा हक्क आधी, हे खरेच आहे. संत थॉमसही ते नाकारत नाहीत. पण ते पुढे असेही म्हणतात की, परका माणूस मरणाच्या दारात असेल आणि स्वतःच्या वडिलांची गरज तेवढी मोठी नसेल, तर आधी परक्याला मदत करावी. जव्हारचे मूल आणि कुतुपालोंगच्या छावणीतले मूल ही दोघेही आपले घेणेकरी आहेत. एकाचे देणे दाखवून दुसऱ्याचे बुडवता येत नाही. आपण या दोन मुलांना एकमेकांसमोर उभे करतो आणि स्वतः हळूच बाजूला होतो. आपल्या लग्नाच्या मांडवात उष्टे टाकलेले जेवण या हिशेबात कधी धरले जात नाही. धर्माचे म्हणाल, तर प्रभूने सांगितलेल्या गोष्टीतल्या शोमरोनी माणसाने जखमी वाटसरूचा धर्म विचारला नव्हता.

आणि किती वर्षे? हा प्रश्न सर्वांत अवघड आहे. १९८२ च्या नागरिकत्वाच्या कायद्याने बहुसंख्य रोहिंग्यांना स्वतःच्याच देशात परके ठरवले. बांगलादेशात त्यांना रीतसर नोकरी-धंदा करण्याची मोकळीक मिळाली नाही. काम करू द्यायचे नाही, परत जाता येत नाही आणि वर विचारायचे की, किती दिवस फुकट खाणार? हा न्याय नव्हे. अन्न देऊन आपले सगळे देणे फिटते, असेही मी म्हणत नाही. त्यांना घर हवे, नागरिकत्व हवे, निर्भयपणे परतण्याची वाट हवी. ते आपल्या हातात नाही. पण ते मिळेपर्यंत त्यांनी जिवंत राहायला हवे, आणि तांदूळ कोणाच्या ना कोणाच्या हातूनच तिथे पोहोचतो.

संध्याकाळ झाली तेव्हा शिष्यांनी प्रभूला सुचवले होते की, लोकांना पाठवून द्यावे, ते आपापले विकत घेऊन खातील. सूचना व्यवहाराची होती. आजही मोठमोठ्या सभांतून तीच ऐकू येते. प्रभूने ती मानली नाही. तुम्हीच त्यांना खायला द्या, असे सांगून त्याने आधी लोकांना हिरवळीवर नीट पंक्तींनी बसवले. कोणाला ढकलाढकली करावी लागली नाही, कोणाला हात पसरावा लागला नाही. माणसाचा मान राखून वाढणे प्रभूला तितकेच महत्त्वाचे वाटले असावे.

म्हणून एक विनंती. या कामासाठी झोळी समोर येईल तेव्हा खिशातली सुटी नाणी शोधू नका. घरात बसून विचार करा, मुलांनाही विचारात घ्या, आणि जमेल तेवढी छोटी रक्कम ठरवून दर महिन्याला बाजूला काढा. किराणा दुकानदाराची उधारी आपण मन द्रवण्याची वाट पाहून फेडत नाही. हेही तसेच फेडायचे आहे. ज्यांना जव्हारच्या मुलांसाठी द्यायचे आहे, त्यांनी तिथे अवश्य द्यावे. पण खरोखर द्यावे.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण भाकर मागतो ती "आमची" म्हणून, "माझी" म्हणून नव्हे. हे पित्या, त्या एका शब्दात कोण कोण बसते हे आम्हांला दिसू दे, आणि ज्यांचे आमच्याकडे आहे ते त्यांना वेळेवर पोहोचवण्याची बुद्धी दे. आमेन.